खजुराचा हिशेब, कढईला माफी

रमजान लागला की वजन उतरवण्याचे बेतही सुरू होतात. महिनाभरात पाच किलो कमी करायचेच, असे ठरवून मोबाइलवर कॅलरी मोजणारे तरुण आता प्रत्येक मोहल्ल्यात दिसतात. मगरिबच्या अजानीला खजूर तोंडात आणि अंगठा मोबाइलवर. तरावीहमध्ये किती कॅलरी जळतात, असेही काही जण विचारतात!

मोजण्यात गैर काही नाही. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही पैगंबरांची (स.) शिकवण मापाचीच आहे. हिशेब चुकतो तो भलत्याच जागी. तीन लहान खजुरांत साधारण ६०-७० कॅलरी असतात. भज्यांनी मोठा चमचाभर तेल प्यायले की १२० जमा. त्यावर सरबताचा दुसरा ग्लास, मग फिरनी. मुंबईत मिनारा मशिदीजवळ मालपुवा खाऊन आलेला माणूस तर त्या रात्री मोबाइल उघडतच नाही. शिवाय एका ताटात चौघे जेवतात तेव्हा कुणाच्या वाट्याला किती गेले, हे यंत्राला कसे कळणार?

मग काटकसर होते ती सहेरीत. ‘तेवढ्याच कॅलरी वाचल्या’ म्हणत झोपून राहायचे. सहेरीत बरकत आहे, असे हदीसमध्ये आले आहे. ती चुकवली की दुपारी डोके दुखते, चिडचिड होते आणि इफ्तारला भूक सारे व्याजासकट वसूल करते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने तर असा प्रयोग मुळीच करू नये. रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. त्याने रोजे ठेवण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे.

रोजा ही इबादत आहे, तिची नियत वजनकाट्यासाठी नसते. वजन उतरले तर चांगलेच. पण त्यासाठी दस्तरखानावर खजूर मोजण्याआधी कढईकडे पाहावे लागेल. असरनंतर तिच्यापुढे घरातली बाई उभी असते. तिचाही रोजा असतो. घामाघूम होत, मीठ अंदाजाने घालत ती तीन-चार प्रकार तळते, कारण तळण नसेल तर इफ्तार सुनी वाटते, अशी तक्रार येते. बहुतेक वेळा ती तक्रार कॅलरी मोजणाऱ्याचीच असते.

त्याने तासभर आधी मोबाइल बाजूला ठेवून कलिंगड चिरायला बसावे, चण्यांत कांदा-लिंबू घालावे. कढई जुम्म्यापुरती चढली तरी पुरे. तेवढ्या वेळात तिलाही कुरआनचे दोन रुकू निवांत वाचता येतील.