दोन जोड्या पुरे

नागपुरात स्कीच्या दोन जोड्या कशाला? शेजारचे काका दर मे महिन्यात विचारतात, "अंबाझरीत बर्फ पडला का बे?" पडत नाही, म्हणून तर गुलमर्गला जातो. तिथल्या भुसभुशीत बर्फाला मधोमध 100 मिलिमीटरच्या पुढची रुंद जोडी, औलीच्या दाबलेल्या उताराला 80च्या आसपासची. तिसरीची हौस आली, की ते पैसे प्रवासाला ठेवावेत. आहे ती जोडी राखण्यातच खरी गंमत. परतल्यावर पोलादी कडा बारीक कानशीने घासतो, जुन्या इस्त्रीने तळाला आणि कडांवर जाड मेण चढवतो. धूर निघाला, की इस्त्री जास्त तापली समजायचं. हे मेण हिवाळ्यापर्यंत खरवडत नाही. गेल्या वर्षी आळस केला. ऑगस्टमध्ये माळ्यावरून काढल्या, तर कडा तांबूस झालेल्या.