पर्स सांभाळायला कुणीच नको

मोठ्या अम्युझमेंट पार्कात रोलर कोस्टरच्या रांगेबाहेर एक बाकडं हमखास असतं. त्यावर चार पर्स, पाण्याच्या बाटल्या आणि कुणाचा तरी चष्मा मांडीवर घेऊन एखादी आई नाहीतर आजी बसलेली असते. धाकटं पोर उंचीत बसत नाही म्हणून खाली, आजीला भीती वाटते म्हणून खाली, आणि या दोघांपाशी कुणीतरी हवं म्हणून आईही खाली. सहलीला घर सगळं मिळून येतं आणि मजा दोघं-तिघंच करतात. मला हे कधीच पटलेलं नाही.

म्हणून अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, डॉलीवूडमध्ये २०२३ साली सुरू झालेल्या ‘बिग बेअर माउंटन’ या रोलर कोस्टरवर माझा जीव जडला. गायिका डॉली पार्टन यांच्या नावाचा डॉलीवूड पार्क स्मोकी पर्वतांच्या पायथ्याशी आहे. कोस्टर बांधलाय नेदरलँड्सच्या व्हेकोमा कंपनीने. रूळ बाराशे मीटरहून लांब, वेग ताशी ७७ किलोमीटर, पण उंची जेमतेम २० मीटर. गाडी कुठेही उलटी होत नाही. आणि बसायला उंची लागते फक्त ९९ सेंटिमीटर, म्हणजे साधारण चार वर्षांचं मूल.

हे जमतं ते ‘लाँच’मुळे. नेहमीच्या कोस्टरमध्ये साखळी गाडीला चढावर ओढत नेते. त्या खटखट आवाजात, खालची माणसं लहान लहान होत जाताना, भित्र्या माणसाचा निम्मा जीव जातो. लाँचच्या गाडीला ती चढणच नसते. रुळातली विद्युतचुंबकं, किंवा काही कोस्टरमध्ये जोरात फिरणारी रबरी चाकं, गाडीला जागेवरून पुढे फेकतात. बिग बेअरला असे तीन रेटे मिळतात. एकदाच उंचावर नेऊन सोडायचं नाही, तर वेग कमी होऊ लागला की पुन्हा भरायचा. घाबरायला वेळच मिळत नाही.

अमेरिकेत ताईकडे गेलो तेव्हा आम्ही सगळे तिथे गेलो होतो. आईने सवयीने हात पुढे केला, “द्या त्या पर्स इकडे, मी बसते.” ताई म्हणाली, “पर्स कारमध्येच ठेवल्यात गं. तू चल आता.” भाचा उंचीच्या पट्टीखाली मान ताठ करून, श्वास रोखून उभा राहिला आणि पास झाला. आमचा डबा जीपसारखा दिसणारा. पहिल्या रेट्याला आई मागे सीटवर दाबली गेली, मांडीवरचा दांडा तिने दोन्ही मुठींत धरला, आणि धबधब्यामागून जाताना ती भाच्याहून मोठ्याने ओरडत होती. तिला मी असं ओरडताना पहिल्यांदा ऐकलं.

लाँचची यंत्रणा नाजूक असते, हेही खरं. याच पार्कातल्या ‘लाइटनिंग रॉड’ या कोस्टरचं लाँच काढून २०२४ मध्ये साखळी बसवावी लागली. तरी त्याच्या आदल्याच वर्षी सुरू केलेल्या बिग बेअरवर डॉलीवूडने अडीच कोटी डॉलर घातले होते.

आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकात ‘नायट्रो’ आहे, अंधारात सुसाट सुटणारा ‘डीप स्पेस’ आहे, आणि धाडसी पोरं त्यांवर खूश आहेत. पण महाराष्ट्रात पुढचा मोठा कोस्टर जो कुणी बांधेल, त्याने तो नातवाला आणि आजीला एका डब्यात बसवणारा बांधावा. पहिल्या दिवशी मी आईला घेऊन रांगेत उभा असेन.