दमवलेल्या घोड्याचा शब्द

सगळ्याला विटलेल्या, कशावरच विश्वास न उरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘जेडेड’ म्हणतात. हिरव्या जेड रत्नाशी त्याचा संबंध नाही. रत्नाचं नाव स्पॅनिशमधून आलं. ‘जेडेड’मधला ‘जेड’ म्हणजे राबून खंगलेला, कुचकामी ठरवलेला घोडा. १४व्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्येही तो भेटतो.

सगळ्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्या ‘सिनिक’ची गोष्ट वेगळी. तो शब्द ग्रीक भाषेतल्या ‘कुत्रा’ या अर्थाच्या शब्दावरून आला आणि ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनिसने ते बिरूद खुशाल मिरवलं. त्याची तुच्छता ठरवून पत्करलेली होती. घोड्याला मात्र कुणीतरी दमवलेलं असतं!

हा फरक महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षं राबून उमेद हरवलेल्या परिचारिकेला किंवा शिक्षकाला तुसडं, नकारात्मक ठरवणं हा उघड अन्याय आहे. त्यांना सकारात्मकतेची व्याख्यानं नकोत. रिक्त पदं भरा, कामाचे तास कमी करा.