‘सेकंडहँड पिस्तूल’ म्हणजे नेमकं काय? स्वस्त कट्ट्याच्या नादात पोरांचं आयुष्य पणाला

गोंदिया : मोबाईलवर फोटो येतो. काळं पिस्तूल, शेजारी मॅगझिन, खाली दोन ओळी. ‘सेकंडहँड आहे, कंडिशन चांगली, घरपोच मिळेल.’ पाहणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा असतो. जुनी मोटारसायकल घेतो तसंच जुनं पिस्तूलही घेता येत असेल, असं त्याला वाटतं. गडबड इथूनच सुरू होते.

आपल्या देशात ‘सेकंडहँड पिस्तूल’ हा शब्द फक्त एकाच ठिकाणी खरा आहे. विकणाऱ्याकडे परवाना, घेणाऱ्याकडेही परवाना आणि दोघांच्या मध्ये सरकारी नोंद. यातलं एक जरी कमी असलं, तर त्या वस्तूचं नाव पिस्तूल नसून पुरावा आहे, आणि तो ज्याच्या हातात सापडेल तो आरोपी.

जिल्ह्यासाठी हा विषय आताच का?

गोंदिया जिल्ह्याला एका बाजूला मध्य प्रदेशचा बालाघाट लागतो, तर दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. हावडा-मुंबई रेल्वेमार्ग गोंदियातून जातो, रायपूरकडचा महामार्ग देवरीतून. माल यायला वाटा भरपूर आहेत. जानेवारी २०२४ मध्ये गोंदिया शहरात एका माजी नगरसेवकावर भर रस्त्यात गोळीबार झाला, तेव्हा गावोगावच्या चावडीवर एकच प्रश्न होता : बंदुका येतात कुठून?

महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या बेकायदा पिस्तुलांचा माग अनेकदा मध्य प्रदेशाच्या सीमेवर जातो. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेलं बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी हे त्यातलं सगळ्यात चर्चेतलं नाव. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे कारवाईला गेलेल्या चोपड्याच्या पोलिसांवर हल्ला झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी तिथे मोठी धाड टाकून भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. म्हणजे पुण्यातल्या टोळीचं हत्यार शेकडो किलोमीटरवरच्या एका खेड्यात तयार होत होतं. तोच माल बाहेर ‘इम्पोर्टेड’, ‘सेकंडहँड’ म्हणून खपतो. वरून कंपनीचा शिक्का मारला तरी आतलं लोखंड भट्टीतलंच असतं. असं हत्यार हातात फुटून चालवणाराच जखमी होण्याचा धोका असतो.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन शिक्षा वाढल्या. साध्या भाषेत हिशेब असा :

विनापरवाना पिस्तूल नुसतं बाळगलं, तरी किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, शिवाय दंड. ‘मी चालवलं नाही’, ‘मित्रानं ठेवायला दिलं होतं’ असं सांगून सुटका होईल या भरवशावर कुणी राहू नये.

विनापरवाना बनवणं, विकणं, दुसऱ्याला देणं, दुरुस्त करणं, बदल करणं याला किमान ७ वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंत.

लग्नात, वरातीत हवेत गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर परवाना असला तरीही २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यातली दुसरी ओळ पुन्हा वाचा. हौशी पोरं व्हिडिओ पाहून म्हणतात, नळी बदलू, खेळण्यातल्या बंदुकीचं खरं करू, नंबर घासून टाकू. नळी कापणं आणि नकली बंदुकीची खरी करणं हे विनापरवाना केलं, तर याच ७ वर्षांच्या कलमात बसतं. नंबर खोडलेलं हत्यार सापडलं तर तो तुम्हीच खोडला, असं कायदा आधी धरून चालतो. खोडला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. परवानाधारकानंही गावातल्या मिस्त्रीकडे हत्यार उघडायला देऊ नये. ते काम परवाना असलेल्या शस्त्र दुकानाचंच.

मग कायदेशीर जुनं पिस्तूल मिळतं का?

मिळतं. पण आधी परवाना, नंतर पिस्तूल. क्रम उलटा चालत नाही.

वय २१ पूर्ण लागतं. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, पोलिसांचा अहवाल येतो, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. पिस्तुलासाठी ठोस कारण दाखवावं लागतं. ‘रुबाब’ हे कारण नाही. सर्वसामान्य परवान्यावर साधारण .३२ बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर येतं. ९ एमएमचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. त्यामुळे कुणी ‘९ एमएम, कागदासकट’ म्हणत असेल तर कागद खोटा समजा.

परवाना मिळाल्यावर दुसऱ्या परवानाधारकाचं जुनं हत्यार घेता येतं. विकणाऱ्यानं किमान ४५ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं असतं. हत्यारावरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर एकच आहे, हे पाहूनच पैसे मोजायचे. एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन होत्या. परवान्याची मुदत ५ वर्षं.

बांधीतलं रानडुक्कर आणि भिंतीवरची भरमार

आपल्याकडे बंदुकीचा प्रश्न फक्त गुंडांचा नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या आजूबाजूच्या गावांत रानडुकरांचा कळप एका रात्रीत धानाची बांधी तुडवून जातो. जंगलपट्ट्यातल्या काही घरांत आजोबांच्या काळातली भरमार बंदूक अजून असते. तिचे कागद कुठे आहेत, ते घरात कुणालाच माहीत नसतं.

पीक संरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद शस्त्र कायद्यात आजही आहे. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. त्याला वनविभागाची परवानगी वेगळी लागते. आणि परवानाधारक वारला तर बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती विलंब न करता ठाण्यात किंवा अधिकृत दुकानात जमा करून वारसानं आपल्या नावानं अर्ज करायचा असतो. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे बंदूक २५ वर्षं असली, तर हयातीतही ती वारसाच्या नावे करण्याची सोय नियमात आहे. हे न केल्यानं सरळमार्गी शेतकऱ्याचं घरही कायद्याच्या भाषेत ‘अवैध शस्त्र बाळगणारं’ ठरतं.

खरं नुकसान कुणाचं?

आपल्या तालुक्यांत पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी पाहा. कुणी पोलीस भरती, कुणी सैन्य, कुणी वनरक्षकाची तयारी करतंय. भरतीत चारित्र्य पडताळणी होते. कट्टा हातात धरून काढलेली एक रील, त्यावरून झालेला एक गुन्हा, आणि चार वर्षांची मेहनत मातीत. व्हिडिओ पोरगा डिलीट करतो, पण तो तोवर दहा ग्रुपवर फिरलेला असतो. कट्टा आणून देणारा मात्र नाव बदलून पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो. आगाऊ पैसे घेऊन गायब होणारेही आहेत. त्यांना ठाऊक असतं, की फसलेला माणूस ठाण्यात जाऊन सांगणार काय? ‘पिस्तूल घ्यायला पैसे दिले होते’?

यात एक विचित्र विरोधाभास आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच गोंदियात माओवाद्यांच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाचा प्रवक्ता साथीदारांसह शरण आला. ज्यांनी जन्म बंदुकीवर काढला ते ती खाली ठेवताहेत, आणि ज्यांना तिची गरज नाही ती पोरं रीलसाठी ती शोधताहेत.

प्रशासनानं काय करावं?

अवैध शस्त्रांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्वतःहून हाती घेतला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्येक राज्याला मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला सांगितलं. मुंबईतली समिती सालेकशाच्या गावापर्यंत कधी पोहोचेल, हा प्रश्नच आहे. तोवर जिल्हा पातळीवर दोन गोष्टी करता येतील.

पहिली, जुन्या बंदुकांसाठी तालुक्याच्या ठिकाणी शिबिर. वारस नोंद, मुदत संपलेले परवाने, जमा करण्याची सोय, सगळं एका दिवशी. लोक बंदूक लपवतात ती बहुतेक वेळा भीतीपोटी. गडचिरोलीत पोलिसांच्या आवाहनानंतर गावकऱ्यांनी भरमार बंदुका आणून जमा केल्याची उदाहरणं आहेत. दुसरी, पकडलेल्या पोराच्या फोटोवर कारवाई थांबवू नये. त्याला विकणारा कोण, त्याच्यामागे कोण, हे दोषारोपपत्रात आलं पाहिजे. नाहीतर गिऱ्हाईक तुरुंगात आणि दुकान चालूच.

आपल्या हातातही काही आहे. घरात जुनी बंदूक असेल तर परवान्याची तारीख आजच पाहा. पोराच्या मोबाईलवर असा फोटो आला तर पुढे पाठवू नका, ११२ वर कळवा. आणि कुणी म्हणालं ‘सेकंडहँड आहे, स्वस्तात देतो’, तर एकच प्रश्न विचारा : परवाना क्रमांक सांग. तिथेच तो फोन ठेवेल.