वहिनींचा झेंडू



घरात मृत्यू झाला की आपल्याकडे माणसे धावून येतात. अंत्ययात्रा, परित्राणपाठ, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, भोजनदान, तोवर अंगण भरलेले असते. मग मंडप निघतो आणि त्या घराकडे कोणी फिरकत नाही. लोकांची मने वाईट असतात असे नाही. काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून दुसऱ्या गल्लीने जातात. अशा पुष्कळ कार्यक्रमांत मी माईकवर बोललो आहे आणि नंतर त्या घरावरून जायचे मीही टाळले आहे, हे कबूल करतो.

आमच्याच घरावर पाळी आली तेव्हा ते टाळणे काय असते ते कळले. रिसोड तालुक्यातील केनवडला आमच्या थोरल्या वहिनी राहतात. त्यांचा १९ वर्षांचा मुलगा उन्हाळ्याच्या तोंडाशी तापाने गेला. वहिनी रडल्या नाहीत आणि बोलल्याही नाहीत. मजुरीला जायच्या, यायच्या, भिंतीकडे तोंड करून पडायच्या. फोटोला घातलेला झेंडूचा हार वाळून काळा पडला, तो कोणीतरी काढून न्हाणीजवळ टाकला. मृगाचा पाऊस झाला आणि त्या जागी झेंडूची रोपे दाट उगवली. भाऊ विळा घेऊन कचरा काढायला गेले, तर वहिनी आडव्या झाल्या. तीन महिन्यांत त्यांनी प्रथमच कोणाला तरी 'नाही' म्हटले होते.

रोपे बोटभर झाल्यावर त्यांनी ती उपटून हात-हात अंतरावर लावली. न्हाणीचे पाणी तिकडे वळवले. महिन्याभराने शेंडे खुडले, म्हणजे बाजूने फुटवे येतात. हे शेतात राबणाऱ्याला सांगायला नको, पण माझ्यासारख्या कारकुनाला नवीन होते. दुसरी गोष्ट अशी की झेंडू जितका तोडावा तितका येतो. फुले झाडावरच वाळू दिली तर झाड बी धरते आणि नवी कळी कमी येते. म्हणून झेंडू रोज तोडावा लागतो. तोडलेली फुले घरात ठेवणार तरी किती? ती कोणाला तरी द्यावीच लागतात आणि देण्यासाठी उंबरा ओलांडावा लागतो.

विहारात तेव्हा वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू होते. वहिनी सायंकाळी ओच्यात फुले नेऊ लागल्या. उरलेली वाटेवरच्या घरी द्यायच्या. घेणाऱ्याला दोन शब्द बोलावेच लागत. फुले हातात आहेत, मग लोकांनाही विषय सापडला. "किती दाट आली हो यंदा," इथून सुरुवात व्हायची आणि कधी कधी आपसूक पोराच्या आठवणीवर गाडी यायची. एका आजीने स्वतःच्या गेलेल्या लेकीचे सगळे सांगितले. शेजार इतक्या वर्षांचा, पण वहिनींना ती लेक होती हेच ठाऊक नव्हते.

किसा गौतमीची कथा आपण विहारात कितीदा ऐकतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत आली. तथागतांनी तिला सांगितले, ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मूठभर मोहरी आण. मृत्यू कोणालाच चुकला नाही, एवढेच आपण त्यातून घेतो. पण हे वाक्य तथागत तिला बसल्या जागी सांगू शकले असते. त्यांनी तिला दारोदार पाठवले. माझ्या मते औषध त्या चालण्यात होते. प्रत्येक दारात कोणीतरी आपले दुःख तिच्यापुढे मांडले असेल.

बाबासाहेबांच्या घरात हे दुःख किती वेळा आले! पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. लाडका राजरत्न १९२६ साली गेला आणि २७ मे १९३५ रोजी रमाईही गेल्या. पुढे दिल्लीच्या बंगल्यात त्यांनी फुलबाग हौसेने जोपासली, असे त्यांच्या सहवासातील मंडळी सांगत. ती दुःखावरचा उतारा म्हणून होती असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याजवळ नाही.

अशोक विजयादशमी जवळ आली तसा झेंडूचा भाव चढला. मी बी.कॉम. झालेला माणूस. कागदावर हिशोब करून वहिनींना म्हटले, "विका. घराला हातभार लागेल." घरात कर्ज होतेच, त्यामुळे सल्ला चुकीचा नव्हता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, इकली तं गिऱ्हाईक येईन, पैसे देईन, चाललं जाईन. मले गिऱ्हाईक नाही पायजे." त्या वर्षी एक टोपली भावाच्या हट्टाने विकली गेली. बाकी सगळी वाटली.

आता एक प्रश्न वाचक विचारतील. हारफुलांवर खर्च करू नका, अभिवादनाला एक वही, एक पेन आणा, अशी मोहीम अलीकडे सुरू आहे आणि ती योग्य आहे. माझाही तिला पाठिंबा आहे. शेकडो रुपयांचा विकतचा हार घालून फोटो काढणाऱ्यांची मला चीड येते. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या ओंजळभर फुलांना मात्र तो नियम लावू नये. बुद्धाला फूल प्रसन्न करण्यासाठी वाहत नाहीत. हे जसे कोमेजेल तसा माझा देहही जाईल, हे स्वतःला सांगण्यासाठी वाहतात. रोज असे म्हणून फूल ठेवणाऱ्या आईला ते किती जड गेले असेल, याचा मी आधी विचार केला नव्हता.

वहिनी बऱ्या झाल्या का, असे विचाराल तर मला सांगता येत नाही. मुलाचा वाढदिवस आला की अजून जेवत नाहीत. पण भिंतीकडे तोंड करून पडत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात गावातल्या एका घरी तरुण सून गेली. कार्यक्रम आटोपून पंधरा दिवस झाले होते. वहिनींनी वर्तमानपत्राच्या कागदात जपून ठेवलेले बी काढले, पण मग म्हणाल्या, बी नको, आता पेरायचे त्राण कुठे असणार तिच्या सासूला, रोपेच नेऊ. डालडाच्या जुन्या डब्यात दहा-बारा रोपे मातीसकट घेतली. मी सुट्टीवर होतो, म्हणून डबा माझ्याकडे दिला. त्या पुढे आणि मी मागे, असे आम्ही त्या गल्लीत गेलो. सासू दारातच बसली होती. वहिनी काही न बोलता अंगणात खुरपे मागू लागल्या.