इंजिन वाचले, मार्ग गेला

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातल्या सदर्न रेल्वेच्या कचेरीत इयन ॲलन नावाचा एक तरुण कारकून होता. इंजिनांविषयी चौकशी करणारी पत्रे रोज यायची आणि त्यांना उत्तरे देता देता तो मेटाकुटीला यायचा. १९४२ साली त्याने सदर्नच्या सगळ्या इंजिनांच्या क्रमांकांची एक छोटी पुस्तिका छापली. किंमत एक शिलिंग. तिच्या पाठोपाठ इतर रेल्वे कंपन्यांच्याही पुस्तिका आल्या आणि युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये मुलांना वेडच लागले. क्रू, डॉनकास्टर, टॅमवर्थ अशा स्थानकांत फलाटाच्या टोकाला शाळकरी पोरांचे घोळके दिवसभर उभे असत. गाडी धडधडत गेली की क्रमांक वहीत टिपायचा, घरी आल्यावर पुस्तिकेतल्या त्या क्रमांकाखाली पट्टी लावून रेघ मारायची. एखाद्या वर्गातल्या सगळ्या इंजिनांखाली रेघा पडल्या की त्या मुलाची मान ताठ व्हायची.

ही मुले आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांच्या आठवणींवर ब्रिटनमध्ये एक मोठी भावनिक इमारत उभी आहे : संग्रहालये, छायाचित्रांची पुस्तके, रविवारच्या वाफेच्या सहली. त्या आठवणींबद्दल मला मनापासून आदर आहे. मोजक्या पैशांत दिवसभर घराबाहेर, मोठ्या माणसांच्या नजरेआड, अनोळखी शहरातल्या लोको शेडपर्यंत भटकण्याची मुभा त्या पोरांना होती. तेवढी मोकळीक आज मुंबईतल्या मुलाला नाही आणि मँचेस्टरमधल्याही नाही. पण ही आठवण काय जपते आणि काय गाळते, हे नीट पाहिले पाहिजे. तिने गाळलेल्या गोष्टींची किंमत फार मोठी आहे.

१९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा ब्रिटिश रेल्वेकडे सुमारे वीस हजार वाफेची इंजिने आली. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेने त्यांचा शेवट ठरवला, तरीही नवी इंजिने बांधली जातच होती. शेवटचे, ‘इव्हनिंग स्टार’, मार्च १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडले आणि १९६५ मध्ये सेवेतून काढले गेले. जे यंत्र चाळीस वर्षे चालले असते ते पाचच वर्षांत निकाली निघाले. १९५० च्या आसपास जन्मलेल्या मुलाने हे सारे वयाच्या दहाव्या ते अठराव्या वर्षांत पाहिले. त्याचे बालपण आणि वाफ एकदमच संपली. त्यामुळे कुठले दुःख बालपणाचे आणि कुठले इंजिनाचे, हे त्याला स्वतःलाही वेगळे काढता येत नाही.

शेवटच्या वर्षांतल्या छायाचित्रांत इंजिने काजळीने माखलेली दिसतात आणि त्या काजळीलाच आज सौंदर्य मानले जाते. ती काजळी होती कारण पुसायला माणसे उरली नव्हती. पाळी संपली की जळता विस्तव खालच्या खड्ड्यात पाडायचा, धुराच्या पेटीत साचलेली राख फावड्याने उपसायची, तीही वारा तोंडावर घेत. बॉयलर थंड झाला की आतला गाळ धुऊन काढायचा. रात्री-अपरात्री, अपुऱ्या पगारात हे काम करण्यापेक्षा कारखान्यातली दिवसपाळी लोकांना बरी वाटू लागली. अशा ओस पडणाऱ्या नोकऱ्यांत कॅरिबियन बेटांतून आलेली माणसे आली, पण रेल्वेची सगळी दारे त्यांना उघडी नव्हती. डॉमिनिकाहून आलेले ॲस्क्विथ झेवियर लंडनच्या मेरिलबोन स्थानकात गार्ड होते. त्यांनी तिथल्याच युस्टन स्थानकात बदली मागितली, तर तिथे वर्णावरून माणसे नाकारण्याचा अलिखित नियम आडवा आला. गाजावाजा झाला, प्रश्न सरकारपर्यंत पोचला आणि १९६६ च्या ऑगस्टमध्ये ते युस्टनवर रुजू झाले. फलाटाच्या टोकाशी वह्या घेऊन उभ्या असलेल्या मुलांचा आणि ही घटना घडली तो काळ एकच आहे, पण स्मरणरंजनाच्या पुस्तकांत ती मुले सापडतात, ही घटना क्वचितच.

मला सगळ्यात जास्त खटकते ते मात्र वेगळेच.

११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरच्या वाफेला निरोप देणारी खास गाडी सोडली. लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलला आणि परत. तिकीट पंधरा गिनी, म्हणजे कित्येक कामगारांच्या आठवड्याच्या कमाईच्या जवळ जाणारी रक्कम. वाटेतल्या पुलांवर, कुंपणांपाशी, शेतांत माणसांची दाटी झाली होती. आता कार्लाइलचे स्थानक डोळ्यांपुढे आणा. तिथूनच हॉविक आणि गॅलाशील्सवरून एडिंबरोला जाणारा ९८ मैलांचा वेव्हर्ली मार्ग निघत होता. तो बंद करण्याचा सरकारी निर्णय त्याआधीच, जुलैमध्ये, जाहीर झाला होता. हॉविकच्या मॅज एलियट यांनी सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि डिसेंबरमध्ये अकरा हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन घेऊन त्या पंतप्रधानांच्या दाराशी गेल्या. ५ जानेवारी १९६९ च्या रात्री शेवटची गाडी निघाली, तेव्हा न्यूकॅसलटन गावच्या लोकांनी रेल्वे फाटक लावून ती अडवली. गावच्या धर्मोपदेशकाला पोलिसांनी पकडले. गाडीत असलेले खासदार डेव्हिड स्टील यांनी मध्यस्थी केली, गाडी पुढे गेली आणि एका अख्ख्या प्रदेशाची रेल्वे संपली.

या दोन निरोपांमध्ये जेमतेम पाच महिन्यांचे अंतर आहे. पहिला ब्रिटनमधल्या रेल्वेप्रेमी घराघरांत ठाऊक आहे, दुसरा मुख्यतः स्कॉटलंडच्या सीमाभागात. एका ठिकाणी यंत्र बदलत होते, दुसऱ्या ठिकाणी लोकांचा दवाखाना, बाजार आणि कॉलेजला जायचा रस्ता तुटत होता. १९६३ च्या बीचिंग अहवालाने २,३६३ स्थानके आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली होती. १९६४ च्या निवडणुकीत मोठ्या प्रमाणावरची मार्गबंदी थांबवू म्हणणारा मजूर पक्ष निवडून आला आणि मार्ग बंद होतच राहिले. या काळात रेल्वेवरचे प्रेम आणि धुरावरचे प्रेम लोकांच्या मनात एकमेकांत मिसळले. त्यामुळे मार्ग वाचवू पाहणाऱ्याला ‘हा जुन्या धुराच्या आठवणीत रमणारा माणूस’ म्हणून बाजूला सारणे सोपे झाले. वाफ जायलाच हवी होती. डिसेंबर १९५२ च्या विषारी धुक्याने लंडनमध्ये हजारो माणसे मारली, त्या शहराने कोळशाच्या धुरासाठी रडावे याला अर्थ नाही. मार्ग जाणे मात्र अपरिहार्य नव्हते.

जपणुकीचे श्रेय मी नाकारत नाही. वेल्समध्ये बॅरी इथल्या डाय वुडहॅम यांच्या भंगारवाड्यात पडलेली इंजिने हौशी मंडळींनी एकेक करून सोडवून आणली. अशी २१३ इंजिने वाचली. वर्गणी काढून, सुट्टीचे दिवस खर्चून, गंजलेले बॉयलर हातांनी दुरुस्त करून वाचली. टॅलिलिन आणि ब्लूबेलसारखे छोटे मार्गही स्वयंसेवकांनी चालवून दाखवले. पण त्यातली बहुतेक प्रवासी सेवा नव्हे, सहल आहे. इंजिन विकत घेऊन शेडमध्ये ठेवता येते. शंभर मैलांचा मार्ग चालू ठेवायला वर्गणी पुरत नाही, त्याला सरकार लागते आणि सरकारवर सतत दबाव लागतो. तो दबाव आणायला लागणारी शक्ती एका पिढीने इंजिनांवर खर्च केली, असे मला वाटते.

आणि आता ती पिढी जाते आहे. पुढची स्मृती उसनी असेल : चहाच्या ट्रेवरची चित्रे, चित्रपटातला पांढरा धूर, भाड्याने घेतलेला डबा. पहिल्या पिढीला निदान राखेचा वास माहीत होता. उसन्या आठवणीत काम करणारा माणूस नसतो, बंद पडलेले स्थानक नसते, आणि म्हणूनच ती कोणालाही कशासाठीही वापरता येते. आपल्याकडे विदर्भातल्या शकुंतला रेल्वेचे उदाहरण मला म्हणूनच मोलाचे वाटते. १९९४ मध्ये तिचे वाफेचे इंजिन गेले, डिझेल आले, आणि पुढे गाडीच बंद पडली. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूरच्या लोकांनी तिच्यासाठी आंदोलने केली ती गाडी पुन्हा चालू करा म्हणून. इंजिन कोणते असावे, हा त्यांचा प्रश्न नव्हता.

वेव्हर्ली मार्गाचा उत्तरेकडचा सुमारे ३० मैलांचा तुकडा सप्टेंबर २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. उखडलेले रूळ परत घालायला जवळजवळ तीस कोटी पौंड लागले. औपचारिक उद्घाटनाला राणी एलिझाबेथ आल्या त्या ‘युनियन ऑफ साउथ आफ्रिका’ या वाफेच्या इंजिनाने ओढलेल्या गाडीतून. रोजच्या फेऱ्या मात्र डिझेल गाड्यांच्या आहेत आणि माणसे त्यांतून एडिंबरोला कामाला जातात. नवे रूळ ट्वीडबँकला संपतात. हॉविकच्या लोकांना अजून बसनेच तिथवर यावे लागते, आणि मार्ग पुढे कार्लाइलपर्यंत न्यावा ही मागणी त्यांनी सोडलेली नाही.