'थ्रिफ्ट' म्हटलं की कूल, 'जुने कपडे' म्हटलं की लाज?

इन्स्टाग्रामवर 'थ्रिफ्ट स्टोअर' एवढंच शोधून बघा. कुणीतरी वापरलेलं डेनिमचं जाकीट, एकच पीस, एकच साइज. फोटो पडतो, खाली धडाधड कमेंट येतात आणि थोड्याच वेळात त्यावर 'सोल्ड'ची पट्टी लागते. घेणारी मुलगी ते घालून रील टाकते आणि अभिमानाने सांगते, 'थ्रिफ्टेड आहे!'

आता हेच जाकीट वढू बुद्रुकमधल्या एखाद्या मुलीला तिच्या मामेबहिणीकडून मिळालं आणि ते घालून ती कॉलेजला गेली, असं समजा. मैत्रिणीने विचारलं, 'कुठून घेतलंस गं?' तर ती खरं सांगेल? बहुतेक म्हणेल, 'पुण्यातून, नवीनच आहे.' वढू ते पुणे अंतर तीस-पस्तीस किलोमीटरचं. तेवढ्यात एकाच जाकिटाची स्टाइल कुठे होते आणि लाज कुठे होते? हा प्रश्न फॅशनचा वाटतो, पण तो तेवढाच नाही.

नवं स्वस्त झालंय, मग जुनं कशाला?

आधी बाजाराकडे बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. आधी हा दर फक्त हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांना होता. त्यात तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेली स्वस्त ब्रँडची दुकानं आणि ऑनलाइन सेल. दोन-तीनशे रुपयांत नवा टी-शर्ट मिळत असेल तर दुसऱ्याचा कोण घालणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे.

पण तो टी-शर्ट किती धुण्यांपर्यंत टिकतो, हेही मोजा. एक सुती टी-शर्ट तयार व्हायला सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज डब्ल्यूडब्ल्यूएफ देते. शिरूर तालुक्यात राहणाऱ्याला पाण्याचा हिशेब समजावून सांगायला नको. शिवाय स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजतंच. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं मेली. त्यातली बहुतेक जगभरच्या ब्रँडसाठी कपडे शिवणारी कामगार होती.

म्हणजे जुना कपडा जास्त दिवस वापरण्यात शहाणपण आहे, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो लाजेचा. आणि ती लाज आपल्याकडे उगाच आलेली नाही.

लाज आली कुठून?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्र सेवकाला काय द्यावं हे सांगितलंय: उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं. चांडाळांनी तर प्रेतावरची वस्त्रं वापरावीत, असा नियम आहे. हे नुसतं पोथीत राहिलं नाही. आपल्या गावगाड्यात प्रेतावरचं कापड हा महारांचा 'हक्क' मानला जायचा. म्हणजे तुमच्या अंगावर कुणाचा कपडा आहे, यावरून तुमची पायरी ठरत होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांपुढे भाषण केलं. नेसण्याच्या पद्धतीवरून, दागिन्यांवरून जात ओळखू येते, त्या खुणा टाकून द्या, हे त्यांनी सांगितलं. कपडा हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. वढूपासून जवळच, पेरणे फाट्याच्या जयस्तंभापाशी दर १ जानेवारीला लाखो लोक येतात. त्यांतल्या कितीतरी जणांच्या अंगावरचे पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे कपडे बघा. त्या इस्त्रीला मोठा इतिहास आहे.

म्हणून गावातली आई 'दुसऱ्याचे उतरलेले कपडे घालायचे नाहीत' असं म्हणते, तेव्हा तिला 'पर्यावरण कळत नाही' म्हणून हसू नका. 'थ्रिफ्टेड' म्हणून मिरवणं त्यालाच परवडतं, ज्याला नवं घेता येतं हे सगळ्यांना माहीत असतं.

देणं आणि टाकणं

मग दान चांगलं की वाईट? थोडं थांबून बघा, आपण देतो काय. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून ट्रक भरभरून कपडे गेले. त्यातले लाखो कपडे कुणी घेतलेच नाहीत, रस्त्याकडेला ढीग पडले. समुद्रकाठच्या कोळी बायकांना लोकांनी कपाटातली अडगळ पाठवली होती. ते ढीग निवडून मार्गी लावायचं काम नंतर 'गूंज' या संस्थेने केलं.

अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेचं सूत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. ते कपडे फुकट वाटत नाहीत. गावकरी आपल्याच गावातली विहीर, रस्ता, बंधारा असं काम ठरवतात, ते करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी इराणच्या मशहद शहरात एका भिंतीवर खुंट्या लावून 'नको असेल तर ठेवा, हवं असेल तर न्या' ही कल्पना सुरू झाली. आपल्याकडे ती 'माणुसकीची भिंत' म्हणून अनेक शहरांत आली. हेतू चांगला. पण भर रस्त्यात, चार लोकांसमोर भिंतीवरचा शर्ट उचलायला किती धीर लागतो, याचा विचार करा.

आता दुसरं टोक. ब्रिटनमध्ये 'ऑक्सफॅम'ने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान काढलं. लोकांनी दिलेल्या वस्तू विकायच्या आणि पैसे मदतकार्याला लावायचे. आज तिथे गल्लोगल्ली अशी चॅरिटी शॉप्स आहेत. विद्यार्थी, म्हातारे, प्राध्यापक, सगळे तिथे जातात. तिथे हँगर असतो, आरसा असतो, किमतीची चिठ्ठी असते. आवडलं नाही तर 'नको' म्हणता येतं. कपडा तोच, जुनाच. पण पैसे दिले की तुम्ही गिऱ्हाईक होता, उपकाराचं ओझं राहत नाही.

आणि हे काही फक्त इंग्रजांचं नाही बरं का! आपली बोहारीण आठवा. जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं देणारी. ती प्रत्येक साडीचा काठ बघते, भोक शोधते, घासाघीस करते. पुढे ते कपडे धुऊन, दुरुस्त होऊन जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी गेलात तर जुन्या मालाचा व्यवहार कसा चालतो ते दिसेल. या साखळीत कुणी कुणावर दया करत नाही. आणि अगदीच विरलेल्या साडीची घरी गोधडी होतेच.

पण ढीग कुठे जातो?

सेकंडहँडचं सगळंच गोड नाही. श्रीमंत देशांनी 'दान' केलेले कपडे गठ्ठे बांधून विकले जातात. घानाची राजधानी आक्रा इथला कांतामांतो हा त्यांचा प्रचंड बाजार. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीलाच तो आगीत जळाला आणि हजारो छोट्या विक्रेत्यांची रोजीरोटी गेली. न विकलेला माल तिथल्या नाल्यांत, किनाऱ्यावर साचतो. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात तर टाकलेल्या कपड्यांच्या टेकड्या झाल्या. आपल्याकडे हरियाणातल्या पानिपतमध्ये जुन्या लोकरी कपड्यांचं सूत करून ब्लँकेट विणतात. पण पॉलिस्टर मिसळलेल्या आजच्या स्वस्त कपड्यांचं पुन्हा सूत करणं अवघड आहे.

म्हणून 'जुनंच आहे' म्हणत दर आठवड्याला पाच टॉप मागवत असाल, तर कपाट तसंच भरणार. घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: मी हे तीस वेळा घालणार आहे का?

तुमच्या कॉलेजात करून बघा

वढू, कोरेगाव भीमा, सणसवाडी या पट्ट्यात गरज दोन्हीकडून आहे. कारखान्यांमुळे खोल्या करून राहणारे परगावचे कामगार आहेत, इंटरव्ह्यूसाठी फॉर्मल शर्ट-पँट लागणारे विद्यार्थी आहेत. आणि लग्नात एकदाच घातलेले ड्रेस घराघरांत पडून आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या युनिटला महिन्यातून एक दिवस, एक खोली मिळाली तरी दुकान सुरू होईल. काही नियम मात्र पाळा.

फाटका, डाग पडलेला कपडा घेऊच नका. मित्राला देताना लाज वाटेल असा कपडा दुकानातही नको. सगळं धुऊन, इस्त्री करून लावा. किंमत २० रुपये असली तरी चालेल, पण चिठ्ठी हवी. आरसा आणि कपडे घालून बघायला आडोसा हवाच. देणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. जमलेल्या पैशांचा हिशेब फळ्यावर लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गावात कपडे ओळखू येतात. 'हा तर अमक्याच्या पोराचा शर्ट' हे एक वाक्य सगळ्यावर पाणी फिरवतं. त्यावर उपाय सोपा आहे. वढूत जमलेले कपडे शिरूरच्या कॉलेजात विका, शिरूरचे इकडे आणा.

शेवटची अट तुमच्यासाठी. ज्यांना परवडतं, त्यांनी नुसते कपडे आणून देऊन निघून जायचं नाही. रांगेत उभं राहून तिथूनच स्वतःसाठी एक शर्ट घ्यायचा आणि सोमवारी तो घालून वर्गात यायचं. सगळेच घेऊ लागले, की घेणारा कोण हे शोधायची कुणाला गरजच उरणार नाही.